नवोन्मेष मोजण्याचे निकष ठरवताना सरकारने लोकांचे मत मागवावे का?

ओळंबा

मंडळी, गेले काही दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे, तो इथल्या जाणकारांपुढे ठेवतो. २००७ साली अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने एक जाहीर सूचना काढली होती. एकविसाव्या शतकातील अर्थव्यवस्थेत नवोन्मेष, म्हणजे बोलताना आपण ज्याला सर्रास इनोव्हेशन म्हणतो तो, मोजायचा कसा याविषयी नागरिकांनी आपल्या सूचना कळवाव्यात, असे आवाहन तीत होते. या कामासाठी नेमलेल्या सल्लागार समितीत मोठ्या कंपन्यांचे प्रमुख आणि काही प्राध्यापक होते. समितीचा अहवाल जानेवारी २००८ मध्ये आला.

माझे प्रामाणिक मत असे आहे की हा लोकांना विचारण्याचा विषयच नाही. तापमापकाच्या नळीत पारा असावा की आणखी काही, यावर कोणी हात वर करून मतदान घेत नाही. संशोधनावरील खर्च कसा मोजावा याची फ्रास्काटी पुस्तिका १९६३ मध्ये इटलीतील त्याच नावाच्या गावी झालेल्या बैठकीतून पुढे आली, आणि नवोन्मेषाच्या पाहणीसाठीची ऑस्लो पुस्तिका १९९२ मध्ये निघाली. ही दोन्ही कामे संख्याशास्त्राच्या जाणकारांनी बसून केली आणि ती अजून वापरात आहेत. सामान्य माणसाला विचारले तर तो हातातला फोन उचलून दाखवील आणि मोकळा होईल. शिवाय मते मागवली की ज्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात तेच सर्वांत आधी धावत येतात. मग हा खटाटोप कशासाठी? माझे चुकत असेल तर अवश्य दुरुस्त करावे. मात्र ‘लोकशाही आहे म्हणून विचारावे’ एवढ्या उत्तरावर माझी बोळवण करू नये, ही विनंती.

तराजू

धागा चांगला काढलात, पण तापमापकाची उपमा पटली नाही. तापमापक लावला म्हणून ताप आपले वागणे बदलत नाही. निर्देशांकाचे तसे नसते. एखादा आकडा महत्त्वाचा आहे असे सरकारने जाहीर केले आणि त्याला अनुदाने, बढत्या व क्रमवारी जोडली, की माणसे त्या आकड्याकडे डोळा ठेवून वागू लागतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हे मांडले, आणि मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये त्याला आज प्रचलित असलेले रूप दिले: माप हेच लक्ष्य झाले की ते चांगले माप उरत नाही.

पेटंटांचेच पाहा. चीनमध्ये पेटंटच्या अर्जांसाठी सरकारी अनुदान मिळत असे, आणि २०११ पासून जगातील सर्वाधिक अर्ज त्याच देशात दाखल होऊ लागले. त्यांतले पुष्कळ अर्ज अनुदानासाठीच भरलेले होते, हे तिथल्या पेटंट प्रशासनाच्याही लक्षात आले, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने अर्जांवरील अनुदाने त्याच वर्षी जूनच्या अखेरीपर्यंत बंद करण्याचा आदेश काढला. आता सांगा, एखाद्या आकड्याच्या मागे लोक कसे धावतील हे टेबलामागे बसलेल्या तज्ज्ञाला अधिक ठाऊक असते, की ज्याला तो अर्ज भरायचा आहे त्याला? मोजणीमुळे ज्यांचे वागणे बदलणार आहे त्यांना आधी विचारून घेणे, हा मोजणी अचूक करण्याचाच एक भाग आहे.

चिमूट

नवोन्मेष मोजण्याआधी त्याला मराठीत काय म्हणावे यावर जनमत घ्यावे, असे मी सुचवतो. माझ्या मोजणीप्रमाणे नवोन्मेष, नवप्रवर्तन, नवोपक्रम, नवनिर्मिती, नवकल्पना आणि नावीन्यता असे सहा उमेदवार रिंगणात आहेत.

अर्धविराम

चिमूट यांच्या सहा उमेदवारांपैकी एकाचा अर्ज छाननीतच बाद करावा लागेल. ‘नावीन्य’ हेच भाववाचक नाम आहे, त्याला आणखी ‘ता’ लावून ‘नावीन्यता’ करणे म्हणजे ‘सौंदर्यता’ म्हणण्यासारखे आहे. पण हे अवांतर वाटले तरी मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. मराठीत आपण गुरुत्वाकर्षणाचाही ‘शोध’ लागला म्हणतो आणि वाफेच्या इंजिनाचाही ‘शोध’ लागला म्हणतो. आधीपासून असलेले सापडणे आणि नसलेले घडवणे या दोहोंना आपल्याकडे एकच शब्द आहे. नवोन्मेष या दोहोंहून वेगळा, कारण तो वापरात येईपर्यंत पूर्ण होत नाही. हा भेद भाषेतच स्पष्ट नसेल तर प्रश्नावली वाचणारा माणूस कशाचे उत्तर देतो आहे हे विचारणाऱ्याला कधी कळणारच नाही. म्हणून लोकांना विचारायचेच असेल, तर सर्वांत आधी ‘आमचा प्रश्न तुम्हांला काय समजला?’ एवढे विचारावे.

जुनी_खातेवही

अर्धविराम यांचा मुद्दा मी प्रत्यक्ष अनुभवलेला आहे. मी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात हिशेब पाहतो आणि नवोन्मेषाच्या पाहणीची प्रश्नावली आली की ती माझ्याच टेबलावर येऊन पडते, कारण सर्व कागद शेवटी माझ्याकडेच येतात. तीत एक प्रश्न असतो: मागील तीन वर्षांत आपण नवे किंवा लक्षणीय सुधारणा केलेले उत्पादन बाजारात आणले काय? एका वर्षी मी ‘नाही’ असे लिहिले. माझ्या दृष्टीने आम्ही तीच झडप विकत होतो, तिचा सांकेतिक क्रमांकही तोच होता आणि खतावणीतले खातेही तेच होते. दुपारी सहज उत्पादन विभागाच्या प्रमुखांना विचारले, तर ते जवळजवळ रागावलेच. आतली चकती त्यांनी नव्या पदार्थाची केली होती, ती गळतीच्या तक्रारी येण्याआधीच बसवली गेली होती आणि त्यासाठी दीड वर्ष चाचण्या चालल्या होत्या. त्यांच्या मते उत्तर ठळक ‘होय’ होते. विक्री विभागाला विचारले तर त्यांनी आणखी तिसऱ्याच गोष्टीला, म्हणजे झडप विकण्याऐवजी देखभालीसह भाड्याने देण्याच्या योजनेला, ‘नवे’ म्हटले.

एकच कारखाना आणि एकच प्रश्न, पण उत्तरे तीन. सरकारच्या तक्त्यात मात्र त्यांतले एकच गेले, आणि ते कोणते जावे हे प्रश्नावली कोणाच्या टेबलावर पडली यावर ठरले. त्या वर्षी मी ‘नाही’ खोडून ‘होय’ केले. आधीच्या वर्षांच्या उत्तरांविषयी मी न बोललेलेच बरे.

ओळंबा

जुनी_खातेवही, आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु त्याने माझीच बाजू बळकट होते, असे मला वाटते. ज्यांच्या डोळ्यांसमोर ती झडप तयार झाली त्या तिघांचेही एकमत होत नसेल, तर ज्यांनी ती कधी पाहिलेली नाही अशा लाखो लोकांना विचारून काय हाती लागणार? या गोंधळावर उपाय नेमक्या व्याख्येचा आहे, आणि व्याख्या करणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

नभा

व्याख्या करणे तज्ज्ञांचे काम आहे, हे क्षणभर मान्य करू. मग आपण ज्या समितीचा उल्लेख केला तिने केलेली व्याख्याच पाहू. तिच्या अहवालात नवोन्मेषाचे वर्णन करताना नव्या किंवा बदललेल्या वस्तू, सेवा, प्रक्रिया, यंत्रणा, संघटनेची रचना आणि व्यवसायाची रीत असे पुष्कळ काही घेतले आहे, पण हे सर्व कशासाठी, तर ग्राहकांसाठी नवे मूल्य आणि कंपनीसाठी आर्थिक परतावा निर्माण व्हावा यासाठी. वाक्याचे शेपूट लक्षात घ्यावे. समितीत कंपन्यांचे प्रमुख बसले होते, आणि व्याख्येत कंपनीचा परतावा आला. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. माणूस आपल्या खिडकीतून दिसते तेच जग धरून चालतो.

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून माझ्या खिडकीतले एक उदाहरण देते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि सुया टोचायला प्रशिक्षित माणसेही पुरेशी नव्हती. ग्लुकोज आणि मीठ एकत्र दिले तर आतडे पाणी शोषून घेते, हे तोपर्यंत शास्त्रज्ञांना कळलेले होते आणि त्यावर रुग्णालयात चाचण्याही झाल्या होत्या. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी तेच मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले आणि आपल्या माणसाला पाजत राहा असे सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या उपचाराला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले.

आता ही घटना कोणत्या रकान्यात मांडाल? ग्लुकोज आणि मिठाविषयीचे मूळ संशोधन फ्रास्काटीच्या हिशेबात येईल. पण जे खरोखर नवे घडले ते म्हणजे औषध देण्याचे काम डॉक्टरकडून आईकडे आले. त्याला पेटंट नव्हते, संशोधनाचा वेगळा खर्च नव्हता आणि कोणत्याही कंपनीला परतावा नव्हता. ओळंबा यांना वाटते की लोक हातातला फोन दाखवतील. माझी खात्री आहे की त्या छावणीतल्या आईला विचारले असते तर तिने पेला दाखवला असता.

मधली_सुट्टी

नभा यांच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली आहे.

गणकयंत्र

मी सरकारी सांख्यिकीत बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे थोडा थंड पाण्याचा शिडकावा करतो. नभा यांचे उदाहरण प्रभावी आहे हे मान्य करूनही सांगतो, की आकडेवारीचे पहिले मोल तिच्या सातत्यात असते. ऑस्लो पुस्तिका पहिल्यांदा निघाली तेव्हा ती मुख्यतः कारखानदारीतील तांत्रिक बदलांपुरती होती. १९९७ च्या आवृत्तीत सेवा क्षेत्र आले, २००५ मध्ये विपणन आणि संघटना यांतील नवोन्मेष जोडले गेले, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत चार प्रकारांचे पुन्हा दोन करण्यात आले. यांतला प्रत्येक बदल विचारपूर्वक केलेला होता, आणि प्रत्येक वेळी जुने आकडे नव्यांशी लावून पाहणे अधिकच कठीण झाले. दर काही वर्षांनी जनतेच्या सूचनेनुसार फूटपट्टीच बदलायची ठरवली, तर मूल वाढले की पट्टी लहान झाली हे कळायला मार्ग उरणार नाही.

दुसरी गोष्ट खुल्या आवाहनाची. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने २०१७ मध्ये इंटरनेट समानतेच्या, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखेच वागवावे या, नियमांवर अभिप्राय मागवले, तेव्हा २.२ कोटींहून अधिक अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल दिला, त्यानुसार त्यांतले सुमारे १.८ कोटी बनावट होते. सुमारे ८५ लाखांमागे दूरसंचार उद्योगातील कंपन्यांच्या पैशाने चाललेली मोहीम होती, आणि ७७ लाख तर एकट्या १९ वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने संगणकाकडून बनावट नावांनी पाठवून घेतले होते. हे लोकमत म्हणून कोणत्या तोंडाने वापरायचे?

चिमूट

त्या विद्यार्थ्याविषयी एक तांत्रिक शंका आहे. त्याने प्रक्रिया नवी आणली, ती प्रत्यक्ष वापरात आणली आणि ती आधीच्यापेक्षा लक्षणीय वेगळी होती. म्हणजे ऑस्लोच्या २०१८ च्या व्याख्येनुसार तो नवोन्मेषकारी ठरतो. मात्र आर्थिक परतावा नसल्यामुळे २००८ च्या अमेरिकन समितीने त्याला बाहेर काढले असते. व्याख्या महत्त्वाची असते म्हणतात ती अशी.

पाऊलवाट

हसून झाले असेल तर एक उलट उदाहरण देतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने नोव्हेंबर २०१० ते एप्रिल २०११ या काळात राष्ट्राचे स्वास्थ्य कसे मोजावे यावर देशभर चर्चा घडवली. ‘तुमच्या दृष्टीने काय महत्त्वाचे आहे?’ असा साधा प्रश्न होता. देशभरात १७५ कार्यक्रम झाले आणि एकंदर ३४,००० प्रतिसाद आले. आरोग्य, नातेसंबंध, काम, परिसर हे विषय लोकांकडून आले. त्यांचे मापन कसे करायचे, नमुना किती घ्यायचा, त्रुटीची मर्यादा काय ठेवायची हे कार्यालयातील तज्ज्ञांनी ठरवले. आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो आहोत. काय मोजावे हे लोकांना विचारावे, कसे मोजावे हे तज्ज्ञांवर सोपवावे, म्हणजे ओळंबा आणि तराजू या दोघांचेही समाधान व्हावे.

नवोन्मेषाच्या बाबतीतही असे घडलेले आहे. समुद्रावर जहाजाचा रेखांश कसा काढावा यासाठीच्या १७१४ च्या पारितोषिकाच्या धर्तीवर ब्रिटनमध्ये २०१४ साली नवे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा सहा समस्यांपैकी कोणती निवडावी हे जनतेच्या मतदानाने ठरले. लोकांनी चमकदार विषय सोडून प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची समस्या निवडली. २०२४ मध्ये ते पारितोषिक मूत्रमार्गाच्या संसर्गाची जलद चाचणी करणाऱ्या यंत्राला मिळाले. लोकांना फोनपलीकडचेही दिसते, एवढेच मला सुचवायचे आहे.

तराजू

पाऊलवाट यांनी केलेली वाटणी ऐकायला गोड आहे, पण ती टिकत नाही. ‘काय’ आणि ‘कसे’ यांच्यामधली भिंत वाटते तितकी भक्कम नसते.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळातील वाढीचा हिशेब मांडला. एका श्रमतासामागील उत्पादनात जी वाढ झाली तिचा जेमतेम आठवा भाग भांडवलाच्या वाढीने समजावता आला, आणि उरलेले सात भाग ‘तांत्रिक बदल’ या नावाखाली गेले. त्याच्या आदल्याच वर्षी मोझेस अब्रामोविट्झ यांनी अशा उरलेल्या भागाला ‘आपल्या अज्ञानाचे माप’ म्हटले होते. म्हणजे नवोन्मेषाचा सर्वांत गाजलेला आकडा हा मुळात वजाबाकी केल्यावर तळाशी उरलेला गाळ आहे. वजाबाकीत आधी काय धरले यावर तो गाळ किती हे ठरते.

आता ‘कसे’ या निव्वळ तांत्रिक भासणाऱ्या प्रश्नाकडे या. १९९६ मध्ये बॉस्किन आयोगाने अंदाज दिला की अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक महागाई वर्षाला सुमारे १.१ टक्का-अंकांनी जास्त दाखवतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग नव्या वस्तू व सुधारलेला दर्जा नीट हिशेबात न आल्यामुळे आहे. म्हणजे वस्तू अधिक चांगली झाली, तर तिच्या वाढलेल्या किमतीतला काही भाग महागाई नसून सुधारणा आहे. तर्क बिनचूक आहे. पण निवृत्तिवेतन त्याच निर्देशांकाला बांधलेले असते. संगणकाची स्मृती दुप्पट झाली हे ज्या वृद्धाच्या उपयोगाचे नाही, त्याचे निवृत्तिवेतन त्या सुधारणेपोटी कमी वाढावे का? हा प्रश्न ‘कसे’ या खोलीत ठेवलेला आहे, आणि पाऊलवाट त्या खोलीचे दार लोकांसाठी बंद करायला निघाले आहेत.

तसेच जुलै २०१३ चे. अमेरिकेने संशोधनावरील खर्च चालू खर्च न मानता गुंतवणूक मानायला सुरुवात केली, आणि इतर काही बदलांसह २०१२ चा जीडीपी कागदावर सुमारे ३.६ टक्क्यांनी मोठा झाला. एकही नवी वस्तू त्यामुळे तयार झाली नव्हती. मी त्या बदलाच्या विरोधात नाही. पण असा बदल होतो आहे हे किती नागरिकांना कळले असेल?

पाऊलवाट

निवृत्तिवेतनाचे उदाहरण चपखल आहे. माझी भिंत तिथे पडली, हे कबूल करतो.

कोरा_कागद

इतका वेळ सर्व जण नवोन्मेष म्हणजे काहीतरी चांगलेच असते असे धरून बोलत आहेत, याचे मला आश्चर्य वाटते. थॉमस मिजली या एकाच संशोधकाने १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून इंजिनाची खडखड थांबवली, आणि १९२८ च्या सुमारास शीतकपाटांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन हा बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. पेटंट, खप, कंपनीचा परतावा, ग्राहकाची सोय, कोणताही रकाना घ्या; हा माणूस प्रत्येकात पहिला आला असता. पहिल्या शोधाने कित्येक पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसे गेले आणि दुसऱ्याने ओझोनच्या थराला भोक पाडले. शिसेयुक्त पेट्रोलची पंपावरची विक्री जगातून पूर्णपणे थांबायला २०२१ उजाडले.

ऑस्लो पुस्तिका नवोन्मेष समाजाला हितकारक असलाच पाहिजे असे म्हणत नाही, आणि संख्याशास्त्र म्हणून तिचे ते बरोबरही असेल. पण मंत्री जेव्हा क्रमवारीत आपला देश वर चढल्याचे सांगतो, तेव्हा ऐकणारा तो आकडा ‘चांगले झाले’ असाच ऐकतो. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात सुमारे ८० निर्देशक एकत्र कालवून देशांना एक क्रमांक दिला जातो. हानीचा रकाना असावा की नसावा हे विचारायचे असेल, तर ज्यांची मुले त्या रस्त्याकडेला वाढली त्यांच्याशिवाय कोणाला विचारणार?

गणकयंत्र

कोरा_कागद, हानीचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा, असे माझे मत अजूनही आहे. एका आकड्यात सर्व काही कोंबले की तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. मात्र तराजू आणि नभा यांच्या प्रतिसादांनंतर मला माझ्या आधीच्या भूमिकेत एक दुरुस्ती करायची आहे, आणि ती करताना एका जुन्या कामाची आठवण झाली.

नवोन्मेषाचे अभ्यासक एरिक फॉन हिपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये घरोघरच्या लोकांची नमुना पाहणी केली. तुम्ही स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू नव्याने बनवली किंवा असलेली बदलली का, असे त्यांनी विचारले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ६.१ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे २९ लाख जणांनी, मागील तीन वर्षांत तसे काही केलेले होते, आणि त्यांनी त्यावर केलेला एकत्रित खर्च ब्रिटिश कंपन्यांच्या ग्राहकवस्तूंवरील संशोधन खर्चाहून अधिक भरला. कंपन्यांकडे प्रश्नावली पाठवणाऱ्या पाहणीत हे सर्व लोक शून्य होते. पुढे ऑस्लोच्या चौथ्या आवृत्तीने नवोन्मेषाची सर्वसाधारण व्याख्या करताना घरांनाही त्यात जागा दिली.

हे लोकांना विचारूनच कळले. पण इथे कोणी ‘या, सांगा’ म्हणून दवंडी पिटली नव्हती. नमुना संशोधकांनी निवडला आणि त्यातल्या माणसांशी त्यांनी स्वतःहून संपर्क साधला. खुल्या आवाहनाला तेच उत्तर देतात ज्यांच्याकडे वेळ, वकील किंवा आपल्या त्या विद्यार्थ्यासारखा संगणक असतो. नमुन्यात मात्र नभा यांची ती आईही येते. डेन्मार्कमध्ये १९८७ पासून तंत्रज्ञानाच्या प्रश्नांवर साध्या नागरिकांचा छोटा गट बसवून, त्याला तज्ज्ञांची उलटतपासणी करू देऊन, त्याच्याकडून लेखी मत घेण्याची पद्धत चालवली गेली. मोजणीच्या निकषांसाठी मी जाहीर सूचनेपेक्षा अशा गटावर अधिक विसंबेन.

अर्धविराम

गणकयंत्र यांच्याशी बहुतांशी सहमत, पण खुले आवाहन अगदीच मोडीत काढू नये. नमुन्यात ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. जो प्रश्न विचारायलाच कोणाला सुचलेला नाही, तो सांगायला आपणहून उठून येणारा माणूस लागतो. त्यामुळे खुल्या आवाहनातली उत्तरे वाचावीत, मात्र ती मोजू नयेत. सत्तर लाख लोकांनी एकच मुद्दा पाठवला तरी तो एक मुद्दा आहे, आणि एकाच माणसाने नवा मुद्दा पाठवला तरी तोही एक मुद्दाच आहे. असे केले की बनावट नावांचा कारखाना चालवण्यात हशील राहत नाही.

मधली_सुट्टी

आणि त्या एका माणसाचे पत्र कोण वाचणार आहे?

ओळंबा

मधली_सुट्टी यांनी एका ओळीत माझ्या मनातली गोष्ट विचारली, म्हणून धाग्याचा लेखक या नात्याने परत येतो.

तापमापकाची उपमा मी मागे घेतो. तराजू यांनी ती पहिल्याच प्रतिसादात मोडली होती, पण ते मला निवृत्तिवेतनाच्या उदाहरणापाशी पटले. व्याख्येच्या शेपटात कोण बसले आहे हे नभा यांनी दाखवल्यावर ‘तज्ज्ञांवर सोपवा’ हे वाक्य मी पूर्वीइतक्या सहजतेने लिहू शकत नाही. खुल्या आवाहनाविषयीची माझी शंका मात्र कायम आहे, आणि गणकयंत्र यांनी ती आकड्यांनिशी सिद्धच केली.

आता माझा प्रश्न थोडा सरकला आहे. अमेरिकेत एखादा नियम करताना अभिप्राय मागवले, तर आलेल्या महत्त्वाच्या आक्षेपांना उत्तर देणे त्या खात्याला बंधनकारक असते. उत्तर दिले नाही तर न्यायालय तो नियम रद्द करू शकते. पण ‘नवोन्मेष कसा मोजावा, कळवा’ अशी सूचना म्हणजे नियम नव्हे. तिथे कळवणाऱ्याला उत्तर मिळण्याचा हक्क नाही. हजार पत्रे आली आणि एकही न उघडता अहवाल लिहिला, तरी कायद्याने काही बिघडत नाही. मग सरकारने विचारावे की नाही यापेक्षा, विचारल्यानंतर आलेली सूचना स्वीकारली का आणि नसेल तर का नाही, हे लेखी सांगण्याचे बंधन सांख्यिकी कार्यालयावर असावे का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गणकयंत्र, तुम्ही आतून पाहिलेले आहे. हे व्यवहारात शक्य आहे का?

गणकयंत्र

शक्य आहे, पण वेळ लागतो. सूचनांचे विषयवार गट पाडून प्रत्येक गटाला एक परिच्छेद उत्तर देता येते, आणि जनगणनेच्या प्रश्नांबाबत काही देशांची कार्यालये तसे करतातही. अडचण मनुष्यबळाची नसते. ‘तुमची सूचना योग्य आहे, पण ती मान्य केली तर आमचा क्रमांक खाली जाईल’ असे लिहायला कोणी धजावत नाही, ही खरी अडचण आहे.

जुनी_खातेवही

हा धागा वाचून काल मी जपून ठेवलेली जुनी प्रश्नावली पुन्हा काढून पाहिली. शेवटच्या पानावर ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ अशी रिकामी चौकट आहे. इतकी वर्षे मी तीत आडवी रेघ मारत आलो, कारण हिशेबात रिकामी जागा सोडू नये असे आम्हांला शिकवलेले आहे. यंदा प्रश्नावली आली की ती आधी उत्पादन विभागाकडे, मग विक्री विभागाकडे पाठवीन, आणि तिघांची तीन उत्तरे त्या चौकटीत लिहीन. ‘तिन्हींपैकी कोणते धरले ते कळवावे’ अशी ओळही खाली घालीन.

चिमूट

चौकट किती सेंटिमीटरची आहे तेवढे मोजून सांगा. तीन विभागांची तीन मते त्यात मावतील असे वाटत नाही.

जुनी_खातेवही

मोजली. नऊ बाय दोन. वेगळा कागद जोडतो.